चालता येतं, तरी खुर्ची लागते

विमानतळावर व्हीलचेअर मागणाऱ्यांची संख्या वाढली आहे, हे खरं. त्यावरून चाललेला वाद मात्र भलत्याच वाटेने निघाला आहे. परदेशी जाणाऱ्या विमानाच्या दाराशी रांगेने लावलेल्या व्हीलचेअर्सचा व्हिडिओ फोनवर येतो, 'उतरल्यावर हीच मंडळी तुरुतुरु चालतात' असं कुणीतरी म्हणतं, आणि मग दोन उपाय ठरलेले असतात: व्हीलचेअरला पैसे लावा, नाहीतर सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय देऊ नका. इंदूरच्या मराठी घरांना हा विषय परका नाही. रामबागेत, लोकमान्य नगरात कितीतरी घरांतली मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत आहेत, आई-वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि तिकीट काढताना मुलगा किंवा सून व्हीलचेअरच्या चौकटीत टिक करून ठेवते. त्याच घरात 'हे बरोबर नाही, खऱ्या गरजूंचा हक्क मारला जातो' असंही कुणी म्हणतं. दोघांच्याही मनात वाईट काही नाही. पण वाद 'खरे' आणि 'खोटे' यांच्यात लावून दिला की मूळ प्रश्न बाजूला पडतो. पाच-सहा वेगवेगळ्या गरजांसाठी विमानतळाने एकच वस्तू पुढे ठेवली आहे आणि ती ढकलायला माणसं पुरेशी नाहीत, हा तो मूळ प्रश्न. तो सुटल्याशिवाय फी लावली काय किंवा दाखला मागितला काय, ज्याला खुर्चीशिवाय जागचं हलता येत नाही तोच माणूस ताटकळत राहणार.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. खुर्च्या मोजक्या असतात आणि ढकलणारी माणसं त्याहून कमी. अटेंडंट प्रवाशाला प्रवेशद्वारापाशी घेतो, चेक-इन काउंटर, सिक्युरिटी, गेट असं करत विमानाच्या दारापर्यंत सोडतो आणि रिकामी खुर्ची घेऊन परत येतो. यात सहज तासभर जातो. तेवढा वेळ तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो. आणि वाट बघण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची स्वतःची खुर्ची सामानात गेलेली असते. त्याच्या वाट्याला येते ती विमानतळाची खुर्ची: रेक्झिनची खोलगट बैठक, गादी नाही, अनेकदा चारही चाकं लहान, म्हणजे स्वतःच्या हाताने ती वीतभरही पुढे नेता येत नाही. कमरेखाली संवेदना नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून दाब हलवावा लागतो, नाहीतर कातडीखाली जखम सुरू होते आणि ती होते आहे हे त्या माणसाला कळतही नाही. अशी जखम भरायला कधीकधी महिने जातात. त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवून अटेंडंट 'आलोच' म्हणून गेला की पाण्याच्या नळापर्यंतही जाता येत नाही. 'गरज नसताना खुर्ची घेऊ नका' या रागामागे हा खरा त्रास आहे, आणि तो राग मला समजतो.

आता फेब्रुवारी २०२४ मधली मुंबई विमानतळावरची घटना आठवा. न्यूयॉर्कहून आलेलं एक वृद्ध जोडपं उतरलं. दोघांसाठीही व्हीलचेअर नोंदवलेली होती, त्या वेळी हजर होती एकच. पत्नीला तिच्यात बसवून ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ सोबत चालत निघाले आणि वाटेत कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. थांबा, दुसरी खुर्ची येते आहे, असं सांगितलं होतं, असं विमान कंपनीचं म्हणणं पडलं. देशातल्या विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. या घटनेवर हळहळ सगळ्यांनीच व्यक्त केली. पण ते गृहस्थ चालू शकत होते. आदल्या दिवशी कुणी त्यांना घरात दोन खोल्यांमधून हिंडताना पाहिलं असतं, तर आजच्या वादातल्या कसोटीने ते 'खोटे' ठरले असते. मग ही कसोटी नेमकी काय मोजते?

विमान कंपन्यांच्या व्यवस्थेत याचं उत्तर कधीचंच लिहून ठेवलेलं आहे, फक्त वाद घालणारे ते वाचत नाहीत. व्हीलचेअरच्या मागणीला जगभर तीन मुख्य कोड आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी पायऱ्या चढू शकतो, विमानात आपल्या जागेपर्यंत चालू शकतो, त्याला फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण आत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, आसनापर्यंत नेऊन बसवावं लागतं. पहिल्या कोडची व्याख्याच चालता येणाऱ्या माणसाची आहे. तो खुर्चीतून उठून स्वच्छतागृहात गेला किंवा दुकानात डोकावला, तर त्याने कुणालाही फसवलेलं नाही. गुडघ्यांची कूर्चा झिजलेली बाई पन्नास पावलं नीट चालते, आठशे मीटर चालू शकत नाही, आणि सिक्युरिटीच्या रांगेत चाळीस मिनिटं उभं राहणं तर तिला चालण्याहूनही अवघड जातं. फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या माणसाला सपाटीवर काही होत नाही, उतरत्या-चढत्या मार्गिकेवर हातात पिशवी आली की दम लागतो. पार्किन्सनच्या रुग्णाचं चालणं गोळीच्या वेळेवर अवलंबून असतं: सकाळी दहाला बरा, साडेबाराला दारातच पाय रुतल्यासारखा थांबलेला. डोळ्यांनी बघून यातलं काय ओळखणार?

'पण उतरल्यावर ते चालतात ना!' हो, आणि त्याचं कारण उतरण्याच्या क्रमात आहे. व्हीलचेअरवाले विमानात सर्वांत आधी चढतात आणि सर्वांत शेवटी उतरतात. खुर्ची यायला आणखी वेळ लागतो, क्रू खाली उतरायला खोळंबलेला असतो, सफाईवाले आत आलेले असतात. चार तास बसून पाय आखडलेला माणूस मनाशी हिशेब करतो: अजून अर्धा तास इथे बसू की रेटून चालू? पुष्कळ जण रेटून चालतात आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून राहतात. ते दुसऱ्या दिवसाचं अंथरूण व्हिडिओत येत नाही. शिवाय इंदूरसारख्या विमानतळावर दारापासून गाडीपर्यंतचं अंतर छोटं असतं, तर दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर किंवा मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलवर ते कितीतरी पट होतं. दिल्लीत ज्याला खुर्ची लागली, त्याला इंदुरात लागली नाही, यात विसंगती कुठे आहे?

गरजू माणसाने आपली गरज शरीराने सिद्ध करावी, हा आग्रह जुना आहे आणि त्याचे परिणाम या देशाने पाहिलेले आहेत. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात मद्रास आणि मुंबई इलाख्यात ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दुष्काळी कामांवर कसोट्या लावल्या गेल्या. खोटे उपाशी येतील ही सरकारची धास्ती. म्हणून घरापासून दहा मैलांच्या आतल्या कामावर घ्यायचं नाही, खरी भूक असेल तर येईल चालत, असं ठरलं. मजुरीही इतकी खाली आणली की दिवसाला पौंडभर धान्याच्या आसपास हातात पडावं. पुणे सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीने, त्याविरुद्ध सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले आणि दख्खनमधल्या मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला. दहा मैलांच्या त्या कसोटीत गळलं कोण? ज्याच्या पायांत दहा मैलांचं बळ उरलं नव्हतं तो. धट्टाकट्टा माणूस चालत पोचलाच. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन बघा. ते आलं बोगस कार्डं पकडायला, अडकली ती ज्यांच्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजून गेल्या होत्या ती म्हातारी माणसं. गाळणी लावताना तिच्यातून कोण गळणार हे आधी विचारायला हवं, आणि या वादात ते कुणी विचारत नाही.

सर्टिफिकेटची मागणी घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलेली आहेत, आणि बहुतेक सवलतींसाठी लागणारा दाखला किमान ४० टक्के अपंगत्वाचा असतो. गुडघेदुखीच्या सत्तरीतल्या बाईकडे असा दाखला नसतो, आणि एका विमानप्रवासासाठी तिने जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डापुढे जाऊन तो काढावा अशी अपेक्षा धरणं क्रूर आहे. पाय मोडून प्लास्टर घातलेल्याकडे तो नसतो. केमोथेरपी चालू असलेल्याकडे नसतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात घरी परतणाऱ्याकडेही नसतो. म्हणून डीजीसीएच्या नियमावलीत 'दिव्यांग' आणि 'हालचालीवर मर्यादा असलेले' अशा दोघांचाही समावेश आहे, आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. दाखला सक्तीचा झाला की पहिल्या महिन्यात कागद नसलेले गरजू बाहेर पडतील, दुसऱ्या महिन्यात फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून मिळू लागतील, आणि ज्याला पायपीट वाचवायची आहे तो त्या दोन ओळी सहज मिळवेल.

त्याहून मोठा धोका वेगळा आहे. काउंटरवरच्या माणसाला 'संशय घ्या' असं शिकवलं की तो संशय कुणावर घेतला जातो, याचा इतिहास ताजा आहे. २०१२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष या कार्यकर्त्या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना उतरवण्यात आलं. त्यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. कंपनीला ५ लाखांचा दंड झाला आणि त्याच वर्षी जुलैत नियम बदलला: केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही, आणि प्रवाशाची तब्येत विमानात बिघडेल असं वाटत असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरने त्याला प्रत्यक्ष तपासून मत दिल्यावरच निर्णय घ्यायचा. दोन्ही वेळा कर्मचाऱ्यांनी नजरेनेच निकाल दिला होता. आता तीच नजर खुर्ची मागणाऱ्यांवर रोखायची का?

फीचा मुद्दा दाखल्यापेक्षा जास्त समजूतदार वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावं लागेल. फी लावली की मागणी घटते, हे खरं. पण कुणाची? समजा हजार-दोन हजार रुपये लावले. अमेरिकेतल्या मुलाला ती रक्कम जाणवणारही नाही. उलट पैसे भरले म्हणजे मागायचा संकोचही जाईल, आणि आईला खुर्ची मिळेलच. ज्याला ती रक्कम टोचेल तो पेन्शनवर जगणारा, पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस, जो आजही 'उगाच कशाला त्रास' म्हणून खुर्ची नाकारतो. पायांच्या ताकदीवर गाळणी लावायची म्हणून निघालो आणि ती लागली खिशावर. 'फक्त दिव्यांगांना फुकट, बाकीच्यांना फी' अशी वाटणी केली तर पुन्हा दाखल्याशी येऊन थांबतो, आणि त्या दाखल्याचं काय होतं ते वर सांगितलं.

मग धडधाकट माणूस खुर्ची मागतच नाही का? मागतो. तो का मागतो हे मात्र क्वचितच कुणी बघतं. इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून युरोपातलं एखादं शहर, तिथून अमेरिका, असा प्रवास पहिल्यांदा एकटीने करणाऱ्या पासष्ट वर्षांच्या बाईला पायांची चिंता नसते. तिला इंग्रजी पाट्यांची, बदललेल्या गेटची, टर्मिनल बदलणाऱ्या बसची, इमिग्रेशनवरच्या प्रश्नांची भीती असते. मुलाला हवा असतो तिच्यासोबत चालणारा माणूस. तिकिटाच्या संकेतस्थळावर तशी चौकट त्याला सापडत नाही, सापडते ती व्हीलचेअरची. खरं तर विमान कंपन्यांच्या कोडमध्ये यासाठी वेगळी सोय आहे: एमएएएस, म्हणजे प्रवाशाला भेटून सोबत नेणं. अंध प्रवाशासाठी बीएलएनडी, बहिऱ्यासाठी डीईएएफ, बौद्धिक वा विकासात्मक अपंगत्वासाठी डीपीएनए हेही आहेत. पण एमएएएस अनेक ठिकाणी पैसे घेऊन दिली जाणारी खास सेवा होऊन बसली आहे, किंवा तिची चौकटच दिसत नाही. सोबतीला पैसे आणि खुर्ची फुकट, अशी रचना आपणच केली, आणि लोक खुर्ची घेतात म्हणून आपणच रागावतो. अंध माणसाची गत तर आणखी वाईट. त्याचे पाय उत्तम असतात, त्याला फक्त कोपराचा आधार देणारा हवा असतो, आणि तरी 'सर, बसा, नियम आहे' म्हणत त्याला खुर्चीत बसवलं जातं. खुर्चीही वाया गेली, माणसाचा मानही गेला.

हिशेब करून बघू. समजा, सकाळच्या दोन तासांत तीन-चार विमानं निघतात आणि मदतीच्या पंचवीस मागण्या आहेत. अटेंडंट दहा. एका फेरीला एक तास धरला तर दोन तासांत वीस फेऱ्या होतात, म्हणजे पाच जण ताटकळले. हे पाच कोण असतील ते नशिबावर. आता त्या पंचवीसांपैकी दहा जणांना फक्त सोबत हवी होती असं धरा. दहातले दोन कर्मचारी वाटाडे केले आणि प्रत्येकाने पाच-पाच जणांना एकत्र नेलं, तर ते दहा सुटले. उरलेले पंधरा, आणि आठ अटेंडंटच्या सोळा फेऱ्या. तेच दहा कर्मचारी, एकही खुर्ची जास्त नाही, एकाचाही दाखला तपासला नाही, आणि कुणी मागे राहिलं नाही. प्रत्यक्षात आकडे इतके सुबक नसतील, विमानं उशिरा येतात, दोन विमानं एकदम लागतात. पण दिशा हीच. यात रांगेजवळ बसायला दहा साध्या खुर्च्या आणि सिक्युरिटीत ज्येष्ठांसाठी एक वेगळी मार्गिका धरा. अनेकांना चाकं नकोच असतात, बसायला हवं असतं.

खरे-खोटे करण्यात सगळा वेळ गेल्याने ज्या गोष्टींवर बोलायला हवं त्या तशाच राहतात. विमानाच्या आतलंच बघा. विमानातल्या मधल्या वाटेची रुंदी आसनांच्या खालच्या भागात १५ इंचांपर्यंतही असू शकते, तिथे नेहमीची व्हीलचेअर शिरत नाही. त्यासाठी आयल चेअर नावाची अरुंद खुर्ची असते, तिला छातीवर, मांड्यांवर आणि पावलांवर पट्टे हवेत. ती आणली जाते तेव्हा एखादा पट्टा गायब असतो, पाय खाली लोंबतात आणि आसनांच्या धातूच्या पायांवर आपटतात. ज्याला पायात संवेदना नाही त्याला नख उखडलेलं घरी गेल्यावर कळतं. बऱ्याच विमानांत वाटेकडच्या काही आसनांचा हात वर उचलता येतो. त्याची कळ हाताच्या खालच्या बाजूला, बिजागरीपाशी असते. ती माहीत असेल तर माणूस सरकून बसतो, माहीत नसेल तर दोघे त्याला काखेत धरून हाताच्या वरून उचलतात. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की अपंग व्यक्तीला असं उचलणं अमानवी आहे, तिच्या संमतीशिवाय ते करू नये, आणि सुरक्षा तपासणीत कृत्रिम अवयव काढायला लावू नये. ती कळ दाखवायला पाच मिनिटांचं प्रशिक्षण लागतं.

इंदूरच्या टर्मिनलला एरोब्रिज, म्हणजे थेट विमानाच्या दाराशी नेणारे बंद पूल, आहेत, पण प्रत्येक विमान त्याला लागत नाही. छोट्या शहरांकडे जाणाऱ्या एटीआर-७२ या लहान विमानाचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं आणि पायऱ्या त्या दारातच बसवलेल्या असतात. पायऱ्या न चढू शकणाऱ्यासाठी तिथे उताराचा रॅम्प किंवा अ‍ॅम्ब्युलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारं वाहन, लागतो. तो विमानतळावर असणं पुरेसं नाही, त्या वेळी त्या विमानाजवळ तो चालवणारा माणूस हवा. पावसात रॅम्प ओला झाला की खुर्ची उलटी, म्हणजे प्रवाशाची पाठ उताराकडे ठेवून उतरवायची असते. घाईत ती सुलटी सोडली तर माणूस पुढे घसरतो. स्वतःची खुर्ची गेटवर देताना 'विमानाच्या दाराशी परत' असा टॅग लावून घ्यावा लागतो, नाहीतर ती सामानाच्या बेल्टवर जाते आणि तिचा मालक विमानतळाच्या खुर्चीवर बेल्टपर्यंत जातो. गादी, बाजूचे पत्रे, जॉयस्टिक हे सुटे भाग हातात घ्यायचे, पकडायच्या जागा सांगणारी चिठ्ठी चिकटवायची.

बॅटरीवाल्या खुर्चीचं तर काउंटरवर रोज भांडण. लिथियम बॅटरी काढता येत असेल आणि काढली, तर ती केबिनमध्ये न्यायची, एकच असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत (हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप), दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. वॉट-अवर लिहिलेले नसले तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचं: २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे २४०, चालेल. २४ आणि २० म्हणजे ४८०, ती काढून नेता येणार नाही. खुर्चीतच पक्की बसवलेल्या बॅटरीचे नियम वेगळे. हा गुणाकार काउंटरवरच्या माणसाला येत नसल्याने प्रवाशाची विमानं चुकतात. आणि इतकं सगळं करून विमानात पोचलेला माणूस आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही, कारण छोट्या विमानाच्या शौचालयात त्याला जाता येत नाही. त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. खोटे प्रवासी उद्या सगळे नाहीसे झाले तरी यातलं काही सुधारणार नाही.

'खर्च कोण करणार?' हा प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघाने तो २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमाने सोडवला. मदतीची जबाबदारी विमान कंपनीकडून काढून विमानतळ चालवणाऱ्याकडे दिली, आणि खर्च त्या विमानतळावरून जाणाऱ्या सगळ्याच प्रवाशांवर थोडाथोडा वाटला. मदत घेणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. त्याचा फायदा असा की एका कंपनीच्या खुर्च्या रिकाम्या आणि दुसरीचा प्रवासी ताटकळलेला, असं होत नाही, सगळ्या खुर्च्या आणि माणसं एका हाताखाली असतात. आपल्याकडे मुख्य भार विमान कंपनीवर, ती काम देते ग्राउंड हँडलिंगच्या ठेकेदाराला, आणि तो कमीत कमी माणसांत भागवतो. एकाच अटेंडंटला दोन्ही हातांनी दोन खुर्च्या ढकलताना बघितलं की लोक त्याच्यावर चिडतात, चिडायला हवं त्या ठेक्यावर. इंदूरसारख्या मध्यम विमानतळावर, जिथे मोजक्याच कंपन्या आहेत, सगळ्यांच्या खुर्च्या एकत्र करणं दिल्ली-मुंबईपेक्षा सोपं आहे.

प्रवाशांच्या बाजूनेही काही गोष्टी नीट व्हायला हव्यात, हेही म्हणतो. मागणी ४८ तास आधी नोंदवावी. मुलाने तिकीट काढताना 'व्हीलचेअर' एवढ्यावर न थांबता कंपनीला फोन करून नेमका कोड नोंदवून घ्यावा, आणि चालता-चढता येत असेल तर डब्ल्यूसीएचसी मागू नये, कारण त्या कोडमागे आयल चेअर आणि उचलणारी दोन माणसं अडकतात. दोन वेगळ्या पीएनआरवर प्रवास असेल तर पहिल्यावरची नोंद दुसऱ्यावर आपोआप जात नाही, ती दोन्हीकडे करावी लागते. दिल्लीत विमान बदलायचं तर साठ-सत्तर मिनिटांची जोडणी घेऊ नये. शेवटी उतरायचं आहे, अडीच तास तरी हवेत.

डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत विमानसेवेची आकडेवारी देते: किती विमानं वेळेवर सुटली, किती रद्द झाली, दर दहा हजार प्रवाशांमागे किती तक्रारी. व्हीलचेअर किती मिनिटांनी आली, हे त्यात नसतं. युरोपातल्या विमानतळांसाठीच्या आचारसंहितेत त्याचं माप ठरलेलं आहे: आधी नोंद केलेल्या उतरणाऱ्या प्रवाशांपैकी ८० टक्क्यांना विमान थांबल्यापासून ५ मिनिटांत, ९० टक्क्यांना १० मिनिटांत आणि सगळ्यांना २० मिनिटांत मदत मिळायला हवी. ब्रिटनचं विमान वाहतूक प्राधिकरण तर विमानतळांना या सेवेवरून दरवर्षी श्रेणी देतं. इंदूरला हे पुढच्या महिन्यापासून करता येईल. विमान थांबल्याची वेळ कंपनीकडे नोंदलेली असते, अटेंडंटच्या खिशात फोन असतो. खुर्ची दाराशी लागल्याची वेळ त्यात टिपायची, कोणत्या कोडचा प्रवासी होता ते लिहायचं, आणि महिन्याच्या शेवटी ते आकडे प्रस्थानाच्या प्रवेशद्वाराशी, जिथे व्हीलचेअरची वाट बघत लोक थांबतात, तिथे लावायचे.